समुद्राला पडलेला शंभर मीटरांचा खळगा

श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात एक जागा अशी आहे, की तिथे समुद्राचा पृष्ठभाग असायला हवा त्यापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी मोठ्या भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन-अडीच मीटर असतो. त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. शिवाय खळगा लहानसहान नाही, तीस लाख चौरस किलोमीटरांहून मोठ्या भागावर पसरलेला आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या देशाएवढा. तो आहे हे १९४८ पासून ठाऊक आहे. तो का आहे, यावर मात्र शास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर याची बातमी अधूनमधून फिरत असते. 'हिंदी महासागरात सापडले महाकाय छिद्र' असा मथळा आणि खाली पाण्याचा गरगरणारा भोवरा. तसे तिथे काहीही नाही. त्या जागेवरून रोज मालवाहू जहाजे जातात आणि डेकवर उभ्या असलेल्या खलाशाला काही वेगळे दिसत नाही. वास्कोच्या खारीवाड्यावरच्या एका ओळखीच्या तांडेलाने ही बातमी वाचून मला विचारले होते, "मागीर आमचो ट्रॉलर थंय सकयल वता व्हय?" आपले ट्रॉलर तेवढ्या लांब जात नाहीत, पण गेले तरी ते खाली घसरणार नाहीत. प्रश्न मात्र नेमका आहे. त्याचे उत्तर कळले की अर्धा विषय कळला म्हणून समजा.

आपण 'सपाट' कशाला म्हणतो? गवंडी ओळंबा सोडतो आणि त्या दोरीला काटकोनात जे असेल त्याला सपाट म्हणतो. ओळंबा गुरुत्वाकर्षण जिकडे ओढते तिकडे लटकतो. समुद्राचे पाणीही तेच करते, ओढीला काटकोनात स्थिरावते. पृथ्वीच्या पोटात सगळीकडे सारखाच माल भरलेला असता, तर वारा, लाटा आणि भरती वजा करून उरलेला समुद्र विषुववृत्ताशी थोडा फुगलेला, ध्रुवांशी किंचित चपटा असा गुळगुळीत गोल झाला असता. तो हिशेबातला गोल म्हणजे वर म्हटलेले 'असायला हवे'. प्रत्यक्षात पोटात कुठे जड खडक आहेत, कुठे हलके. जड भाग पाणी आपल्याकडे खेचून घेतो आणि तिथे समुद्र उंच होतो. हलक्या भागावरचे पाणी इतरत्र ओढले जाते आणि तिथे समुद्र खाली बसतो. या उंचसखल पृष्ठभागाला भूशास्त्रात जिऑइड म्हणतात. न्यू गिनीच्या बाजूला तो हिशेबातल्या गोलाच्या ऐंशीएक मीटर वर आहे आणि आपल्या दक्षिणेला १०६ मीटर खाली.

आता बोट का घसरत नाही? खळग्याच्या उतारावरही ओळंबा पाण्याला काटकोनातच राहतो. म्हणजे बोटीच्या दृष्टीने ते पाणी सपाटच आहे. उतरण असेल तर ती गुरुत्वाकर्षणाच्या मापाने असायला हवी, आणि जिऑइडची व्याख्याच अशी की त्या मापाने तो सगळीकडे समतल आहे. म्हणूनच आजूबाजूचे पाणी धावत येऊन खळगा भरून काढत नाही. उतारही नावालाच आहे. शंभर मीटरांचा फरक दीड-दोन हजार किलोमीटरांवर पसरलेला, म्हणजे किलोमीटरमागे पाच-सहा सेंटीमीटर. तिथे वजन केले तर सत्तर किलोचा माणूस काही ग्रॅमनी हलका भरेल. विषुववृत्तावरून ध्रुवाकडे गेल्यावर हाच माणूस साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जड होतो, त्यापुढे हे काहीच नाही.

ज्याला डोळ्यांनी पाहायचेच आहे त्याने जीपीएस वापरावे. उपग्रहाकडून येणारी कच्ची उंची त्या हिशेबातल्या गोलापासून मोजलेली असते. मिरामारच्या वाळूवर उभे राहून ती कच्ची उंची पाहिली, तर यंत्र सांगते की तुम्ही समुद्रसपाटीच्या नव्हे, त्या गोलाच्या साठ मीटरांहूनही खाली आहात. गोवा खळग्याच्या मध्यापासून लांब असला तरी त्याच्याच उतारावर बसला आहे. मोबाईलमधली अ‍ॅप्स बहुधा ही दुरुस्ती गुपचूप करून टाकतात, म्हणून आपल्याला कळत नाही. खाणीच्या जागेचे ड्रोनने सर्वेक्षण करणाऱ्यांना मात्र ती नीट करावी लागते. विसरले तर डोंगरावरची खाण कागदावर समुद्राच्या पातळीला येऊन बसेल.

न दिसणारी ही गोष्ट सापडली कशी, याची कथा घड्याळापासून सुरू होते. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून लंबकाचे घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे ते घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबकाचा झोका गुरुत्वाकर्षणावर चालतो, ओढ कमी झाली की झोका मंदावतो. विषुववृत्ताजवळ ओढ कमी आहे याचा तो पहिला ठोस पुरावा. न्यूटनने त्याचा उपयोग करून पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली असल्याचे मांडले. तेव्हापासून लंबक हे पृथ्वीच्या पोटाची नाडी पाहण्याचे यंत्र झाले.

पुढचा प्रसंग आपल्या देशातला आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज एव्हरेस्टच्या हाताखाली भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. मध्य भारतातले कल्याणपूर आणि उत्तरेला मुझफ्फरनगरजवळचे कलियाना, या दोन ठाण्यांमधले अंतर दोन तऱ्हांनी काढले गेले. एक, जमिनीवर त्रिकोण जोडत जोडत. दुसरे, ताऱ्यांच्या उंचीवरून प्रत्येक ठिकाणचे अक्षांश काढून. दोन्ही उत्तरांत सव्वापाच विकला (एक विकला म्हणजे एका अंशाचा छत्तीसशेवा भाग) इतका फरक आला, जमिनीवर साधारण दीडशे-एकशेसाठ मीटर. सहाशे किलोमीटरांत एवढी चूक कुणीही पोटात घातली असती. कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन प्रॅट याने घातली नाही. हा धर्मगुरू गणिताचा पक्का होता. ताऱ्यांची उंची मोजताना ओळंब्याची दिशा लागते, आणि उत्तरेला हिमालयासारखा प्रचंड डोंगर असताना तो ओळंबा आपल्याकडे ओढणारच, हे त्याने धरले. ओढ किती असावी याचा हिशेब केला तेव्हा उत्तर आले जवळजवळ सोळा विकला. म्हणजे कोडे उलटेच झाले. हिमालय ओळंबा ओढतो आहे खरा, पण एवढ्या मोठ्या डोंगराने ओढावा त्याच्या एक तृतीयांशच. बाकीचा डोंगर गेला कुठे?

१८५५ मध्ये प्रॅटने हा हिशेब प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उत्तर दिले: डोंगर जमिनीवर ठेवलेला नाही, तो खालच्या जड थरात बुडून तरंगतो आहे. वर जेवढा दिसतो त्याहून मोठे हलक्या खडकाचे मूळ खाली आहे. वरच्या वाढलेल्या वजनाची भरपाई खालच्या हलकेपणाने होते, म्हणून ओळंबा फारसा हलत नाही. काही वर्षांनी प्रॅटने स्वतः वेगळे उत्तर मांडले. खोल मूळबीळ काही नाही, डोंगराखालचा सगळा खांबच कमी घनतेचा आहे. आता गंमत अशी, की दोन्ही उत्तरांत ओळंबा तेवढाच कलतो. ओळंब्याकडे कितीही बारकाईने पाहिले तरी एअरी खरा की प्रॅट, हे तो सांगू शकत नाही. हिमालय आणि तिबेटखाली पृथ्वीचे कवच नेहमीच्या जवळजवळ दुप्पट, सत्तर किलोमीटरांपर्यंत जाड आहे, हे कळायला विसाव्या शतकातल्या भूकंपलहरी लागल्या. डोंगरांपुरते तरी एअरीचे पारडे जड ठरले.

गुरुत्वाकर्षणाची ही मर्यादा सगळीकडे तीच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तोंड शिवलेली गोणी काट्यावर ठेवली, तर काटा वजन सांगतो. आत सगळे नारळ आहेत, की खाली मीठ आणि वर सुपारी, हे काटा सांगत नाही. समुद्रातल्या खळग्याचेही तसेच. तिथे खाली वस्तुमान कमी पडते, एवढे नक्की. ते तीनशे किलोमीटरांवर कमी आहे की अडीच हजार किलोमीटरांवर, थोडा भाग फार हलका आहे की खूप मोठा भाग किंचित हलका, हे नुसत्या गुरुत्वाकर्षणावरून ठरत नाही. आकडा एकच, त्यात बसणारी पोटे असंख्य. या विषयात ऐंशी वर्षे वाद का चालू आहे, असे कुणी विचारले तर मी पहिले हेच कारण सांगेन. मापन कमी पडलेले नाही, उलट ते थक्क करणारे आहे.

त्या मापनाची गोष्ट थोडक्यात. समुद्रावर लंबक चालवायचा तर लाटा आड येतात. डच भूभौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स वेनिंग मेनेस याने १९२०-३० च्या दशकांत लंबक पाणबुडीत नेले, कारण लाटांच्या खाली पाणी शांत असते. उरलेले हेलकावे कटावेत म्हणून तो एकापेक्षा जास्त लंबक एकत्र झुलवत असे. मनुष्य इतका उंच होता की पाणबुडीत त्याला वाकूनच वावरावे लागले असणार. आपल्या दक्षिणेचा खळगा १९४८ मध्ये जहाजावरच्या मोजणीतून पुढे आला, तो याच मेनेसच्या नावावर आहे. नंतर उपग्रह आले. २००२ मध्ये सोडलेली ग्रेस ही उपग्रहांची जोडी एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरत होती. पुढचा उपग्रह जड भागाजवळ आला की तो जरा पुढे खेचला जातो, अंतर वाढते. मागचा तिथे पोहोचला की अंतर पुन्हा बदलते. हा फरक ते केसाच्या जाडीहून बारीक अचूकतेने मोजत. २००९ मध्ये युरोपचा गोचे उपग्रह त्याहून खाली, अडीचशे किलोमीटरांच्या आसपास उंचीवरून फिरला. नकाशा स्वच्छ झाला. निळ्या रंगाचा तो मोठा डाग भारताच्या पायाशी आणखी ठसठशीत दिसू लागला. कारण मात्र होते तिथेच राहिले.

इथे एक कंस उघडतो. 'पृथ्वीवरचा सर्वांत खोल गुरुत्व-खळगा' ही उपाधी शून्य कुठे धरला यावर ठरते. पृथ्वी पूर्ण द्रव असती तर फिरण्यामुळे तिला जो आकार आला असता तो शून्य मानला, तर पहिला क्रमांक अंटार्क्टिकाकडे जातो. त्यामुळे आपला खळगा नाहीसा होत नाही, फक्त बातम्यांतला 'सर्वांत' हा शब्द जरा जपून वाचावा.

मग पोटात पाहायचे कसे? खणून नाही. माणसाने खणलेले सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. आपल्याकडे कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी सह्याद्रीत तीन किलोमीटर खोल विहीर पाडली, आणि तीही सोपी गोष्ट नव्हती. आपल्याला जिथे पोहोचायचे आहे ती जागा शेकडो किलोमीटर खाली आहे.

तिथवर भूकंपाच्या लहरी जातात. इंडोनेशियात भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून आरपार जाऊन दुसऱ्या टोकाच्या यंत्रांवर उमटतात. तापलेल्या खडकातून त्या मंद जातात, थंड खडकातून वेगाने. हजारो भूकंपांच्या लहरी कुठे उशिरा पोहोचल्या आणि कुठे लवकर, याचा हिशेब जुळवला की आत गरम काय आणि थंड काय याचे चित्र तयार होते. या विद्येच्या सुरुवातीलाही भारत आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅमने १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून लहरींचे वेगवेगळे प्रकार ओळखले आणि पुढे १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवले.

या चित्रातून खळग्याबद्दल दोन संशयित पुढे आले.

पहिला संशयित टेथिस. सुमारे चौदा कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग होता आणि त्याच्या व आशियाच्या मध्ये टेथिस नावाचा महासागर होता. भारत उत्तरेकडे सरकत गेला तसा टेथिसचा तळ आशियाखाली बुडत गेला. पाच कोटी वर्षांच्या सुमारास टक्कर झाली, हिमालय उभा राहू लागला आणि टेथिस संपला. बुडालेला तळ मात्र नाहीसा झाला नाही. त्या थंड, जड फळ्या अजून खोल प्रावरणात, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड थरात, पडून आहेत. भूशास्त्रज्ञ त्या जागेला फळ्यांचे स्मशानच म्हणतात.

इथे कुणीही विचारेल, फळ्या जड आहेत तर ओढ वाढायला हवी, कमी कशी होईल? शंका रास्त आहे. प्रावरण घन आहे, पण लाखो-कोटी वर्षांच्या मोजमापात ते वाहते. त्यात जड फळी बुडू लागली की ती वरचा पृष्ठभाग खाली ओढते आणि खालच्या गाभ्याची सीमाही दाबते. फळीमुळे वस्तुमान वाढते, पण पृष्ठभाग खचल्यामुळे वरचे वस्तुमान घटते. शेवटचा आकडा अधिक की उणे, हे प्रावरण किती खोलीवर किती घट्ट आहे यावर ठरते. तीच फळी एका घट्टपणाच्या अंदाजात समुद्र वर उचलते, दुसऱ्यात खाली बसवते. म्हणून 'खाली जड काहीतरी आहे' एवढे कळून भागत नाही.

दुसरा संशयित उष्ण आहे. आफ्रिकेच्या खाली, प्रावरणाच्या तळाशी, गाभ्याला लागून एक अवाढव्य प्रदेश आहे जिथे लहरी मंदावतात. त्यातून तापलेला, म्हणून कमी घनतेचा माल वर येत असतो. तो जर हिंदी महासागराखाली सरकला, तर हवी ती तूट सहज निर्माण होईल.

२०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले देबंजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी दोन्ही संशयितांना एका कथेत गुंफले. त्यांनी संगणकावर चौदा कोटी वर्षांपूर्वीची पृथ्वी मांडली, भूपट्ट तेव्हापासून कसे सरकले ते तिला सांगितले आणि प्रावरण कसे वाहत येते ते पाहिले. असे एकोणीस वेळा केले, दर वेळी घट्टपणा, घनता अशी गृहीतके बदलून. त्यातल्या काही मांडण्यांत शेवटी आपल्या दक्षिणेला आजच्यासारखा खळगा उमटला. त्यांच्या म्हणण्यानुसार टेथिसच्या फळ्या खोल बुडाल्या, आफ्रिकेखालच्या त्या उष्ण प्रदेशाच्या कडेला त्यांनी ढवळले, तिथून उष्ण माल उठला आणि पूर्वेकडे वळून हिंदी महासागराखाली ३०० ते ९०० किलोमीटर खोलीवर पसरला. खळगा आजच्या रूपात सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी आला असावा. म्हणजे फळ्यांनी खळगा स्वतः पाडला नाही, त्यांनी पाडणाऱ्याला जागे केले.

कथा मला पटण्यासारखी वाटते, कारण ती काळात मागे जाते. त्याआधीची बरीच स्पष्टीकरणे आज खाली काय आहे एवढ्यावर थांबत होती, ते तिथे आले कसे हे सांगत नव्हती. पण पटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे, आणि आक्षेप घेणाऱ्यांनी ते चांगलेच दाखवून दिले. त्यातला एक आक्षेप आपल्या घरातलाच म्हणायला हवा.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आज रियुनियन बेट आहे त्या जागेवरून भारत जात होता. खालून उष्ण मालाचा प्रचंड झोत वर आला आणि लाव्हाचे थरावर थर साचले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांचे कडे त्याचेच आहेत. गोव्यात हा काळा पाषाण ईशान्येच्या डोंगराळ कडेपुरता येऊन थांबतो. पुढे अनमोड घाटाकडे जाल तर तीन अब्ज वर्षांहून जुने खडक लागतात, लाव्हाच्या तुलनेत ते पणजोबांचेही पणजोबा. तर आक्षेप असा: ज्या संगणकी पृथ्वीत चौदा कोटी वर्षांचा इतिहास चालवला, तिच्यात रियुनियनचा हा झोत उमटतच नाही. दख्खनला जन्म देणारी घटना जी मांडणी दाखवू शकत नाही, ती शेजारच्या समुद्राखालचा उष्ण माल बरोबर दाखवते असे कसे मानायचे? दुसरा आक्षेप, खळग्यापुरते आकडे जुळले तरी पॅसिफिक, आफ्रिका अशा दूरच्या भागांत संगणकी जिऑइड आणि खरा जिऑइड यांच्यात तफावत राहते. मांडणी करणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. कोट्यवधी वर्षांपूर्वी प्रावरणात कुठे किती उष्णता होती हे कुणी नोंदवून ठेवलेले नाही, सुरुवात अंदाजानेच करावी लागते.

वाद मिटवायचा तर ३०० ते ९०० किलोमीटरांच्या पट्ट्यात उष्ण माल खरोखर आहे का, आणि असल्यास त्याचा आकार कसा, हे स्पष्ट दिसायला हवे. अडचण अशी की भूकंपमापके बहुतेक सगळी जमिनीवर आहेत आणि खळगा भर समुद्रात. चारी बाजूंनी तिरप्या येणाऱ्या लहरींवरून मधले चित्र काढावे लागते आणि ते पुसट येते.

इथे गोव्याचा संबंध थेट येतो. वास्कोला हेडलँड सडा येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आपण त्याला अंटार्क्टिकाचे ऑफिस म्हणून ओळखतो, कारण तिथल्या मोहिमांच्या बातम्या येतात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राकडे महासागराच्या तळाचे कामही आहे. २०१८ मध्ये याच केंद्राच्या पुढाकाराने हिंदी महासागरातल्या या भागात समुद्रतळावर भूकंपमापके ठेवली गेली. समुद्रतळाचे भूकंपमापक म्हणजे दाब सोसणाऱ्या भांड्यात बंद केलेले यंत्र, सोबत घड्याळ, बॅटरी आणि खाली लोखंडी वजन. जहाजावरून सोडले की ते काही किलोमीटर खाली जाऊन तळावर बसते आणि महिनोन्‌महिने तिथल्या हालचाली नोंदवत राहते. तिथून रेडिओ संदेश येत नाही, खारे पाणी तो गिळून टाकते. जहाज पुन्हा त्या जागी जाते, आवाजाचा विशिष्ट संकेत पाण्यात सोडते, यंत्र तो ओळखून वजन सोडून देते आणि तरंगत वर येते. मग लाटांमध्ये ते शोधून उचलायचे. घड्याळ मधल्या काळात किती पुढे-मागे गेले तेही तपासायचे, कारण लहर अर्ध्या सेकंदाने उशिरा आली की नाही यावर तर सगळा हिशेब उभा असतो.

गुरुत्वाकर्षणाने फसवण्याचे दुसरे उदाहरण तर गोव्याच्या आणखी जवळ आहे. आपल्या किनाऱ्यापासून पश्चिमेला अरबी समुद्रात लक्ष्मी खोरे नावाचा खोल भाग आहे. त्याच्या तळाचे कवच खंडाचे, म्हणजे ताणून पातळ झालेल्या भारताचे, की महासागराचे, यावर भूशास्त्रज्ञ कित्येक वर्षे भांडत आहेत. गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीत दोन्ही उत्तरे बसवता येतात. शेवटी २०१५ मध्ये जॉयडेस रिझोल्यूशन या खोदकामाच्या जहाजाने साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, तळाच्या गाळातून आणखी अकराशे मीटर खोल जाऊन खालचा लाव्हा वर काढला. नमुना हातात आल्यावर तरी वाद मिटावा? तो कुठल्या प्रकारच्या जागी थिजला असावा, यावर त्याच नमुन्यातून वेगवेगळे अर्थ निघाले. पण आधीच्या काही शक्यता कायमच्या बाद झाल्या आणि भांडण अधिक नेमके झाले.

मोठ्या खळग्याच्या बाबतीत नमुना हातात येण्याची आशा नाही. तीनशे किलोमीटर खाली कोणतेही पाते पोहोचणार नाही. त्यामुळे उत्तर यायचे ते तीन-चार आडवाटांनीच. समुद्रतळाच्या यंत्रांची संख्या वाढली आणि ती अधिक काळ खाली राहिली, तर प्रावरणातले चित्र स्वच्छ होईल. प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली खडक तापवून तो किती घट्ट राहतो हे मोजणारे लोक घट्टपणाचे अंदाज आवळत आणतील, म्हणजे संगणकात हवी तशी बदलता येणारी गृहीतके कमी उरतील. आणि संगणकी पृथ्वीला एकाच वेळी तीन परीक्षा द्याव्या लागतील: आजचा खळगा उमटला पाहिजे, बाकीच्या जगाचा जिऑइड जुळला पाहिजे आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी रियुनियनच्या जागी झोत उठला पाहिजे. आतापर्यंत पहिल्या परीक्षेत काही मांडण्या पास झाल्या आहेत.

उष्ण मालाची कथा खरी असेल तर तिच्यातून पुढचा अंदाजही निघतो. खळगा कायमचा नाही. भारताचा भूपट्ट आजही वर्षाला पाचएक सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो आहे आणि खालचा माल आपल्या गतीने वाहतो आहे. तो पसरून निवला किंवा दुसरीकडे गेला की समुद्र तिथे हळूहळू वर येईल. त्यासाठी लागणारा काळ कोट्यवधी वर्षांचा आहे, तेव्हा खारीवाड्यावर कुणी काळजी करू नये.